चार अंश

गाडीच्या कागदावर रात्रभर चार अंश.
निपाणीत चार, संकेश्वरात चार,
सुतगट्टीच्या घाटात चार,
पहाटे सहाला काकतीत माल उतरला तेव्हाही चारच.
एका पेनानं, एका बैठकीत लिहिलेले चार,
शेवटचा जरा घाईतला, पोट फुटलेला.

मी कागद बाजूला ठेवते.
पंचवीस ग्रॅम मांस, मानेजवळच्या कातडीसकट,
पाण्यात घुसळून, दहापट, शंभरपट पातळ करून
दोन बशांत ओतते.
एक बशी थंडीत, दहा दिवस.
दुसरी सदतिसावर,
खुडुक कोंबडीखालच्या अंड्यासारखी.

उद्यमबागेत वीज दोनदा गेली.
इन्व्हर्टर कण्हला, टिकला.

दुसऱ्या दिवशी उबेतली बशी ठिपक्यांनी भरलेली,
अळूच्या देठाचा रंग.
हे जंतू चारावर वाढत नाहीत.
मरतही नाहीत. पडून राहतात,
कुणीतरी दार उघडेल म्हणून.
कारखान्यातून निघताना ग्रॅमला बारा होते,
आता तीनशे चाळीस.
बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस…
मी बोटं दुमडते. जवळजवळ पाच.

दहाव्या दिवशी थंडीतल्या बशीत जेमतेम सात-आठ.
म्हणजे माल शिळा नव्हता.
ताजाच होता,
फक्त कुठंतरी तापला.
(एव्हाना तो कुणाकुणाच्या रश्शात शिजून
विसरलाही गेला असेल.)

भरमाणी कडोलकर दारातूनच म्हणाला,
"गाडी थंडच होती की ओ म्याडम."
मी बशी पुढं केली.
तो बघत राहिला,
लग्नाच्या फोटोत स्वतःला शोधावं तसा.
मग म्हणाला, "हत्तरगीला जरा डोळा लागला.
कॉम्प्रेसर बंद केलो.
मालक डिझेल मोजतंय ओ.
त्याला बशी नको न् काय नको,
टाकीत काडी बुडवतंय."

रिपोर्टाचे रकाने कन्नडात आहेत, इंग्रजीत आहेत,
माझ्या वहीत मराठीत.
डिझेलला रकाना कुठल्याच भाषेत नाही.
मी लिहिलं: तापमान पाळलेलं नाही.
खाली सही, शालन हुंदरे.

संध्याकाळी बशा पिशवीत बांधल्या.
साक्ष झाली की साक्षीदारांना
एकशे एकवीस अंशांवर पंधरा मिनिटं,
हा आमचा नियम.
वाफ धरेपर्यंत मी खिडकीशी उभी.

खाली भरमाणीची गाडी अजून तिथंच.
मागचं दार सताड उघडं, आत काही नाही.
कॉम्प्रेसर मात्र चालू.