जुजबंदी

विजापूर वेशीत, शेगड्या दुरुस्त करणाऱ्याला लागून
एक दुकान आहे. आत दोघंच मावतात.
एक मौलालीचाचा, दुसरा त्याचा शिकंजा.
गिऱ्हाईक उंबऱ्यावर.

बाहेर टपरीत पोरगं स्पायरल घालतं
इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टांना, पाच मिनिटांत तीन.
चाचाला एका पुस्तकाला चार दिवस लागतात,
पावसाळ्यात तर विचारूच नका.

मी पिशवीतून बुटाचं खोकं काढलं.
आईचं आहे, म्हटलं. बांधून पाहिजे.

आत कॅलेंडरची पानं, कोरी बाजू वर.
सगळ्यांवर रेघा.
पंचवीस विड्यांना एक रेघ, चाळीस रेघांचा हजार,
चेकरनं छाट काढली की त्या रेघेवर गोल.
एका दिवसाला एक ओळ.
नर्सम्मा क्यातम, विडी घरकुल.
कारखान्यात अंगठा लावायची,
पण हिशेब कारखान्यावर सोडला नाही कधी.

चाचानं एक पान नाकाशी नेलं.
"तमाकू हाय अजून. कसर लागायची नाही याला.
तरी मोरचूद टाकतो खळीत. रीत हाय."

खळ.
आजोबांच्या मागासाठी आमच्याकडेही शिजायची,
ताण्याला पाजायची, गल्लीभर आंबूस वास.
तेव्हा वाटायचं, सूत जेवतंय.
हे मी चाचाला सांगितलं नाही.
तो पातेलं ढवळत होता
आणि गुठळी होऊ द्यायची नव्हती.

मग म्हणाला, "खोलायचं कुठनं?"
"म्हणजे?"
"उर्दू असलं तर इकडनं. मराठी, तेलगू, कानडी तिकडनं.
हे काय हाय?"

मी पान हातात घेतलं.
उजवीकडून हजार, डावीकडून हजार,
उलटं धरलं तरी हजार.
"कुठूनही," म्हटलं.
चाचा पहिल्यांदा हसला. चार दात.
"मग तुझी आई सगळ्यांच्या वरची शिकलेली."

क्रम लावायला पानं पालथी केली.
मागे महिने होते, गॅसची नोंद, एक-दोन अमावास्या.
"घडी घालून जुज करतो,
पण महिने एकात एक जातील बघ.
जानेवारीच्या पोटात फेब्रुवारी, मग मार्च, आत एप्रिल,
आणि उरलेला जानेवारी शेवटाला. हिशेब तुटंल."
तुटू दे, म्हटलं.
फक्त हे एक जानेवारीचं आत घाला, अगदी मध्ये.

त्यानं का विचारलं नाही.
गड्ड्याच्या हप्त्यातलं पान ते.
एका ओळीत अकराच रेघा, अकरावी घडीपाशी थांबलेली,
पुढे कोरं.
खाली तीन ओळी मोकळ्या,
चौथीपासून परत चाळीस, चाळीस, अडतीस.
त्या अकरा रेघांनंतर मी झाले.

मी चादरीचा तुकडाही नेला होता, मोराचा,
वर लावायला.
"नको. जाड हाय. कोपरे बसत नाहीत.
गावाबाहेरच्या लोकांला आवडतं ते."
त्यानं लाल कापड काढलं,
अडत बाजारातल्या चोपड्यांना लावतात ते.

पाचव्या दिवशी गेले. वीज गेली होती.
शेगडीवाला बाहेर वारा घेत बसलेला.
वही शिकंज्यातून निघाली, अजून गार.
चाचानं ती मधोमध उघडून धरली,
जिथे जुजाचा दोरा दिसतो.

अकरा रेघा.
आणि घडीतून वरपासून खालपर्यंत
उभा पडलेला पांढरा दोरा.

मी मोजलं. चाचानंही मोजलं असावं,
कारण पैसे सांगताना तो उगाच
सुई शोधायला लागला,
जी त्याच्या टोपीत खोचलेली होती.