लांब काळीज

साठ विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन,
'मुळीच नाही'पासून 'अगदी खरं'पर्यंत.
मासेरूच्या कचेरीत आम्ही ती सेसोथोत आणली,
मग दुसऱ्या कुणी परत इंग्रजीत नेली,
बघायला, वाटेत काय काय सांडलं.

'मी बोलका आहे' धडपणे परतलं.
'मी समारंभात रंग भरतो' परतलं ते
'मी लग्नघराच्या भिंती रंगवतो' होऊन.
दोन दिवस हसलो आम्ही त्यावर.
'मी धीराचा आहे' याला आमच्याकडे एकच म्हणणं:
माझं काळीज लांब आहे.
तपासणाऱ्याने समासात लिहिलं,
लांब? किती?

मोखोत्लोंगच्या वर, घोडा दम खायला थांबतो
त्याच्याही वर, मेंढ्यांच्या तळावर
भेटला लेबुआज्वांग.
वय पंधरा. किंवा सोळा.
मोठा बर्फ पडला त्याच्या पुढच्या वर्षीचा.
नावाचा अर्थच 'तुमचं काय म्हणणं?'
साठ प्रश्न घेऊन मी,
आणि समोर एक प्रश्नच बसलेला
घोंगडी खांद्याशी पिनेने टोचून.

अक्षरओळख नाही, म्हणून बोटांवर ठरलं.
अंगठा म्हणजे मुळीच नाही,
करंगळी म्हणजे अगदी खरं.
त्याने हात पुढे केला.
करंगळी अर्धीच.
"दोन हिवाळ्यांपूर्वी," एवढंच म्हणाला,
आणि पुढचं विचारा, अशी मान.

मी बोलका आहे.
"मेंढ्या धरून?"
नाही रे, माणसांशी.
तर्जनी.
मला एकटं राहायला आवडतं.
"आवडतं म्हणजे? मला कुणी विचारलं होतं का?"
मी आळशी आहे.
"ते कुत्र्याला माहीत. नाहीतर मामाला."
मी शूर आहे.
अर्धी करंगळी.
मला भीती वाटते.
अर्धी करंगळी.

दोन्ही कसं, म्हटलं, नीट आठवून सांग.
तो हसला नाही. खालच्या उताराकडे हनुवटी उडवली,
जिथून रात्री कोल्हा वर येतो.
"तिथे उतरतो ना, तेव्हा.
दोन्ही."

माझं काळीज लांब आहे.
इथे मात्र तो थांबला.
किटलीतलं पाणी उकळून अर्धं झालं.
मेंढ्या मोजत होता की काही आठवत होता,
ओठ हलत होते एवढं खरं.
"मे महिन्यात आम्ही खाली उतरतो,
त्या दिवसापर्यंत पुरतं.
वळणावर आई दिसली की तुटतं."

याला कुठला चौकोन?
मापात पाप म्हणतात ते हेच असावं:
मी चार लिहिलं.

तिकडे उत्तरेला, ओउलूत,
दुपारी तीनला दिवे लागलेल्या वर्गात
विल्या नावाच्या मुलीने सगळं सहा मिनिटांत भरलं.
बोलकेपणापुढे तिचेही दोन.
आलेखात दोघं एकाच ठिपक्यात,
एकाच घोंगडीत शिरल्यासारखी.
ती बाकावरच्या मैत्रिणीपेक्षा गप्प,
तो वाऱ्यापेक्षा.
ठिपक्याला यातलं काही ठाऊक नसतं.

मार्चमध्ये यादी आली.
क्रमांक दोनशे बारा: उत्तरं परस्परविरोधी, वगळावा.
दोष तसा कुणाचाच नाही.
शिस्त लागते, नाहीतर हजारो पोरांच्या गलक्यात
एकाचाही आवाज ऐकू यायचा नाही.
हे मला पटतं. चारपर्यंत पटतं.
वगळला. संगणकाने एकदा विचारलं, नक्की ना?
नक्की म्हटलं.

जुन्या भाषांतराची प्रत अजून माझ्या खणात आहे.
समासात तो प्रश्न तसाच,
लांब? किती?
खाली मी पेन्सिलीने लिहिलंय,
मेपर्यंत.
मेंढ्यांबरोबर चालत.