स्थानिक नाव

कवडीच्या बंधाऱ्याखाली, फेसाच्या कडेला
बाईंनी सलवार गुडघ्यापर्यंत खोचली
आणि मुळामुठेत उतरल्या.
बाणासारखं पान, तीन पांढऱ्या पाकळ्या,
इतक्या स्वच्छ
की त्या पाण्यात संशय यावा.

"ही इथली नाही," बाई म्हणाल्या.
"जिल्ह्यातली पहिलीच नोंद."
मी पिशवी धरून उभा, नाकाला रुमाल.

काठावर चिंधू खांदवे म्हशी धूत होता.
पहिली कसली, तीन वर्षं झाली की!
कुणीतरी माशांची काचपेटी ओतली पुलावरून,
मासे बगळ्यांनी नेले, ही राहिली.
म्हशी तोंड लावत नाहीत.
नाव?
आमची कारभारीण भाडेकरीण म्हणते हिला.
आली तेव्हा कोपऱ्यात एक होती,
आता धुणं आपटायला जागा नाही.

संध्याकाळी विभागात
जुन्या पेपरात पान पसरवून ठेवलं.
खाली छोट्या जाहिराती:
कोथरूड, एक खोली, फक्त कुटुंबास.
वडगाव, अकरा महिने, मांसाहार नको.
माझाही करार मार्चला संपतो,
खोलीचा आणि इथलाही.

चिठ्ठीवर लिहीत गेलो:
ठिकाण. तारीख. शोधक, बाईंचं नाव.
शेरा: पसरण्याआधी समूळ उपटावी.
स्थानिक नाव या रकान्यात
पेन थोडं थांबलं, मग लिहिलं,
भाडेकरीण.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून वाचलं.
म्हणाल्या फक्त, "कागद बदला,
ओल सुटलीय."
देठातून अजून
नदी गळत होती,
वडगावच्या खोलीवर.