भूल

बोट आठवड्यातून एकदाच येते,
वारा उलटला तर तीही नाही.
हे कळल्यावरच मी तिकीट काढलं.

टोंगातल्या हापाईच्या बेटांपैकी हे एक,
नकाशा छापणाऱ्याच्या हातून
सांडलेल्या शाईएवढं.
फिफिताच्या अंगणात खोली : खाट, मच्छरदाणी,
दाराला कडी नाही.
कडी? मी बोटांनी करून दाखवलं.
तिने डुकराच्या पिलांकडे पाहिलं. "ती आत नाही येत."

"तुझ्याबरोबर कोण?"
कोणी नाही.
"नवरा मागून येतोय?"
नाही.
"मग कोण गेलं तुझं?"
कोणी गेलं नाही. विसाव्याला आलेय. एकटी. मुद्दाम.
हा शेवटचा शब्द तिला काही केल्या कळेना.
उकडलेला नीरफणस तिने समोर ठेवला,
सुतकातल्या घरी पिठलंभात पोचवतात तसा,
नजर चुकवून.

मी भूल देणारी डॉक्टर.
सव्वीस वर्षं सांगतेय लोकांना, शंभरपासून उलटे मोजा,
आणि नव्वदच्या खाली गेलेलं कोणी आठवत नाही.
मी स्वतः मात्र रोज रात्री शून्याला पोचते,
मग उणे एक, उणे दोन.

इथेही पहिले काही दिवस तेच.
लाटा लांब, प्रवाळाच्या भिंतीवर फुटायच्या,
किनाऱ्यावर यायचा तो नुसता उच्छ्वास,
आणि मी सवयीने मोजायची :
मिनिटाला सहा.
कमी आहे. बरा आहे ना हा?

दिवसा बायका ओंडक्याभोवती बसून
झाडाची साल बडवतात, टक टक, टक टक,
तिचं कापड होतं, लग्नाला तेच नि मयताला तेच.
माझ्याही हातात एक मोगरी दिली.
माझा ताल कुणाशी जुळेना.
एक म्हातारी हसली, माझं मनगट धरलं
नाडी बघावी तसं,
आणि सैल केलं.

ओहोटीला डुकरं समुद्रात जातात.
खरंच. पोटापर्यंत पाण्यात, नाकाने चिखल उकरत,
शिंपले कडाकडा फोडून खातात
आणि भरतीच्या आत एकामागून एक परत.
कोणी हाकत नाही.
मी एक अख्खी दुपार यात घालवली.

रविवारी सगळं बंद. काम नाही, पोहणंसुद्धा नाही,
मोगऱ्या गप्प.
चर्चमध्ये पत्रे थरथरतील असे आवाज,
मग जमिनीतल्या भट्टीतून निघालेलं जेवण,
पानात गुंडाळलेलं, नारळाच्या रसात मऊ झालेलं.
"अळू!" मी ओरडलेच.
"लू," फिफिताची सेलुवाइया म्हणाली,
वय नऊ, पुढचा एक दात नाही.
अळू. लू. अळू.
पानाकडे बोट दाखवत आम्ही बराच वेळ भांडलो.

त्या रात्री ती चटई घेऊन आली.
आई म्हणाली, तुझ्याकडे झोपायला कोणी नाही.
नको म्हणायला मी तोंड उघडेपर्यंत
ती आडवी झालेली, गुडघे पोटाशी.

मिनिटाला अठरा. तिच्या वयाला अगदी ठीक.
खाटेच्या कडेला डोकं टेकून ऐकत राहिले.
ना नळी, ना यंत्राची टुकटुक,
नुसता एक श्वास,
माझ्यावर न सोपवलेला.
अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव.
शहाण्णव कोणी म्हटलं, ठाऊक नाही.

जाग आली तेव्हा ऊन मच्छरदाणीत शिरलेलं,
सेलुवाइया उशाशी उकिडवी, हनुवटी मुठीत,
ड्यूटीवर असल्यासारखी.
"तू घोरतेस," म्हणाली, आणि करूनही दाखवलं,
दाताच्या फटीतून वारा सोडत.
"आणि मध्येच थांबतेस. मग मी तुला हलवलं."
किती वेळा?
ती बोटं मोजू लागली. एक हात संपला,
दुसऱ्याला लागली.

बाहेर पाणी ओसरलेलं.
डुकरं निघाली होती.