पाठ

गोलकीपरला चेहरे कमी दिसतात.
मला उत्पला रामटेकेची पाठ दिसायची,
सात नंबर,
आणि सातच्या खाली घामाचा नकाशा :
पहिल्या क्वार्टरला तालुका,
चौथ्याला अख्खा विदर्भ.

तिची पाठ मला पाठ होती.
खांदे बोटभर वर गेले
की समजायचं, आता कुणाचं तरी काही खरं नाही,
बॉलचं, नाहीतर अंपायरचं.

राग कुठून आला विचारू नका.
लाझरस सरांना वाटायचं घरून,
घरच्यांना वाटायचं हॉकीतून.
तिला विचारलं तर म्हणायची,
"कोणता राग बे?"

नोव्हेंबरात भंडाऱ्याच्या पोट्ट्यांवर तीन गोल.
तिसरा उलट्या स्टिकने, डीच्या कडेवरून,
वळून बघितलंही नाही तिने.
फळ्यावर बॉल आदळल्याचा आवाज
गड्डीगोदामच्या पुलाखालून गेलेल्या मालगाडीत
कुठेतरी हरवला.
डिसेंबरात हिरवं कार्ड, दोन मिनिटं.
मग पिवळं, पाच.
मग परत पिवळं.
बाकावर बसून ती बुटाच्या टोकाने मुरूम उकरायची,
हंगाम संपता संपता तिथे
मांजर बसेल एवढा खड्डा झाला.
सर म्हणायचे, दहा आकडे मोज.
ती मोजायची,
पण तिचे दहा फार लवकर यायचे.

सेमीफायनल, वर्धा.
आम्ही एकने पुढे, सहा मिनिटं बाकी.
त्यांची सेंटर हाफ तिच्या कानाशी वाकून
काहीतरी बोलली.
मधे साठ पावलं, मला काय ऐकू येणार.
पण पाठीला ऐकू आलेलं
मला दिसलं.

शिट्टी वाजली ती दुसऱ्या फटक्याला.
पहिला तोंडाने मारलेला होता,
त्याचं कार्ड कुणाच्याच खिशात नसतं.
आणि तरीही,
त्या पोट्टीची नडगी सुजली होती हेही खरं,
आणि ती ओरडली ते मला ऐकू आलं,
साठ पावलांवरून.

लाल.
गेट माझ्या गोलपोस्टच्या बाजूला.
आख्ख्या सीझनमध्ये पहिल्यांदा
ती समोरून माझ्याकडे चालत आली.
रडत नव्हती.
लहान दिसत होती.

फायनलला ती खेळणार नव्हती.
तरी सकाळी आली, भावाचा स्वेटर घालून,
हात बाह्यांमध्ये ओढलेले,
माझ्या गोलमागच्या तारेला टेकून उभी राहिली.
बाहेर गेलेले बॉल परत फेकत होती,
न बोलता.
आमच्या फॉरवर्ड रिकाम्या जागेला पास देत राहिल्या,
जिथे ती असती.

शून्य-शून्य. शूटआउट.
पाचवी कामठीची, डावखुऱ्यासारखी चालणारी.
आठ सेकंदं.
आज माझी पाठ तिच्याकडे.
तार करकरली.
आणि जी कुणाला हळू बोलायला शिकलीच नव्हती
ती हळूच म्हणाली,
"थांब बे. निघू नको. थांब."

मी थांबले.
पाच. सहा. सात.
बॉल माझ्या पॅडला चाटून आत गेला,
घाई नसल्यासारखा.

त्यांच्या ढोलात काही ऐकू येईना.
उत्पलाने तारेखालून, जाळीखालून हात घातला,
बॉल ओढून घेतला,
स्वेटरला पुसला,
आणि माझ्याकडे बघत म्हणाली,
"इतकी काहून थांबली?"

संध्याकाळी माझ्या स्कुटीवर डबलसीट.
तिच्या मांडीवर माझे पॅड,
दोघींच्या मधे तिची स्टिक उभी,
हनुवटीला टेकलेली.
एलआयसी चौकात लाल लागला.
मागून एका कारवाल्याने हॉर्न दाबला,
दाबूनच धरला.

मला ती दिसत नव्हती.
पण तिचे खांदे वर गेलेले
माझ्या पाठीला कळले.

सिग्नलला अजून चाळीस सेकंद होते.
मागे कुणीतरी पुटपुटत होतं,
"एक... दोन... अडीच..."