रांगेत एक्केचाळीस

चौदा दिवस झाले,
मी लिहितो, बटण दाबतो,
पलीकडं काहीच जात नाही.
सुतार गल्लीला नळ कधी,
मोंढ्यात तुरीला काय भाव,
डीपी जळाला तर अंधार कुठवर,
सेलूपुरतं एवढंच आमचं काम.
इथं एकदा लिहायचं,
मग प्लगइननं ते उचलून
फेसबुकवर, टेलिग्रामवर टाकून यायचं,
पेपर टाकणाऱ्या पोरासारखं.
पोरगं चौदा दिवस आलंच नाही.

सगळं करून पाहिलं.
बंद केलं, चालू केलं.
काढलं, पुन्हा बसवलं.
बाकीची प्लगइनं एकेक करून खाली बसवली,
वर्गात पेन चोरीला गेल्यावर
पोरं बसवतात तशी.
चोर त्यांच्यात नव्हता.
राऊटरला दोन चापटा मारल्या,
त्याचा काही संबंध नव्हता तरी.

मग रात्री साडेबाराला,
लाईट दुसऱ्यांदा येऊन गेल्यावर,
नोंदींच्या पार तळाशी एक ओळ सापडली:
परवानगीची मुदत संपली.
ज्याने दिली, त्यानेच पुन्हा द्यावी.
मुदत साठ दिवस.

ज्याने दिली तो रियाजोद्दीन.
आता नांदेडला असतो, मोबाईलला काचा बसवतो.
दोन वर्षं आमचं बोलणं नाही.
एका क्लासच्या जाहिरातीचे अकराशे रुपये.
तो म्हणाला तू ठेवलेस, मी म्हणालो तू.
पुढं ते कॅलेंडरच्या मागं सापडले,
हे मी कोणालाच सांगितलं नाही.

मी खुर्चीत मागं टेकलो
आणि हिशेब केला.
मुदत साठ दिवसांची,
अबोला दोन वर्षांचा,
आणि पोरगं आत्ता आत्तापर्यंत
एकही दिवस चुकलं नव्हतं.

म्हणजे बारा वेळा.
काचेचं दुकान बंद करून,
कधी रात्री, कधी गिऱ्हाईक समोर असताना,
बारा वेळा त्यानं होय म्हटलं होतं
आणि मला कळू दिलं नव्हतं.

फोन लावला. उचलला.
"ओटीपी येईल तुला," मी म्हणालो.
दोन वर्षांनी पहिलं वाक्य हे.
"थांब, चष्मा घेऊ दे." चष्मा कधी लागला याला?
"चार. नऊ. नऊ. शून्य. घेतलास का?
दोन. सात."
घेतले.
"मपला फोन हौदात पडला होता," तो म्हणाला,
"गजर त्याच्यातच गेला."
कसला, हे मी विचारलं नाही.

हिरवी खूण आली.
रांगेत एक्केचाळीस.
मी पाहतोय तोवर चाळीस, तेहेतीस, नऊ,
आणि मग मला उमगलं काय होतंय ते.
अडकलेलं सगळं एका दमात सुटलं होतं,
तारखा न बघता:
झालेलं लग्न, उतरलेला भाव,
येऊन गेलेली लाईट,
आणि तीन गल्ल्यांना "उद्या पहाटे चारला पाणी".

पहाटे सुंद्राबाईच्या दारात
दोन ड्रम, पाच बकेटी, कळशी
आणि भगुणंसुद्धा.
पुढं मारवाडी गल्लीपर्यंत तसंच.
"मास्तर, रात्री तुम्हीच तं लिहिलं."
लिहिलं होतं, मावशी.
लिहिलं तेव्हा खरं होतं.
ती नळाकडं बघत राहिली,
मग माझ्याकडं, जास्त वेळ.

दिवसभर एकेक पुसत बसलो.
पुसायला प्लगइन नसतं, ते हातानंच.
संध्याकाळी नांदेडला साडेपाचशे पाठवले.
"कशासाठी" हा रकाना तसाच सोडला.
त्यानं घेतले.
उलट एकच ओळ आली: पाणी आलं का रं?

गजर मी लावलाय आता.
एकोणसाठाव्या दिवशी, रात्री नऊला.
दुकान त्या वेळी बंद होत असावं.