परकी मांडणी

दोंडाईचा. मे महिना, रात्रीचे साडेअकरा.
सर्व्हरचं झाकण काढलं
आणि दोघांनाही शिंका.
पंख्यात अकरा हंगामांची मिरची.

जुनं कंट्रोलर कार्ड उपसलं,
त्याची बॅटरी फुगलेली, तळल्या पापडागत.
नवं बसलं खटकन.
आठाच्या जागी सोळा डिस्का, वेग दुप्पट,
असं निदान खोक्यावर छापलेलं.

पडद्यावर मात्र:
बाहेरची मांडणी आढळली.
पुसायची, की स्वीकारायची?

बाहेरची?
यात भामरे आडत्याची पोतं-न्-पोतं वजनं,
हिलाल हमालाची उचल,
पाच वेळा खोडून सहाव्यांदा लिहिलेला
एक दर.

बोट कळीवर तसंच.
रखवालदार धुडकू आप्पा
शिंकेच्या अलीकडून म्हणाले,
"आपलंच शे ना भो. मझार ली ले."

घेतलं.
एक टक्का.
बऱ्याच वेळाने, तीन.
मी नाक पुसत बसले.